गंगाधर आमच्या घरातला

शनिवारची सकाळची शाळा आणि ‘शक्तिमान’ यांचं आमच्या घरात कधी पटलं नाही. १३ सप्टेंबर १९९७ ला मालिका सुरू झाली, तेव्हा आम्ही चुलत-आते भावंडं कोरेगाव भीमाच्या एकाच घरात वाढत होतो. शाळा सुटली की नगर रोडवरचे ट्रक चुकवत, दप्तरं छातीशी धरून घर गाठायचं. पुढे मालिका रविवारी दुपारी बारावर आली आणि आमचा जीव भांड्यात पडला.

अँटेना सिंहगडाकडे तोंड करून असायचा. गडावर दूरदर्शनचं प्रक्षेपण केंद्र आणि मधे अख्खं पुणं. नदीकडून वारं सुटलं की पाइप आपोआप वळायचा आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. मग एक जण पत्र्यावर, एक दारात, एक टीव्हीपुढे. “दिसतंय का?” “आलं, आलं… गेलं! जरा मागं घे!” पत्र्यावर नेहमी धाकटा चुलतभाऊ चढायचा, कारण तोच हलका. त्यानं कित्येक भाग कानांनीच पाहिले. खालून आम्ही ओरडून सांगायचो, “किल्विष आला! आता गीताला धरलं!” आणि तो वरूनच विचारायचा, “गंगाधर कुठं हाय?” गंगाधर म्हणजे शक्तिमानचंच चारचौघांतलं साधं रूप.

वीज गेली तर घरातले वडीलधारे तात्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचे. छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही बारा व्होल्टवर चालायचा. दोन चिमटे, लाल आणि काळा, बॅटरीच्या टोकांना लागले की बारीक ठिणगी उडायची आणि चित्र हळूहळू फुलायचं. त्या ठिणगीपुढे शक्तिमानच्या गिरकीचं आम्हांला फारसं अप्रूप नव्हतं. रविवारी बॅटरी घरात म्हणजे ट्रॅक्टर दारात उभा. तात्यांनी त्यावरून एकदाही कुरकुर केली नाही, हे आज स्वतःच्या पोरांमागे धावताना फार मोठं वाटतं.

आज्जी माळकरी. आळंदी जवळ, त्यामुळे एकादशीला तिथं आणि एरवी घरी पोथी. शक्तिमानला शक्ती मिळते ती ना उल्कापातातून, ना प्रयोगशाळेतून. सूर्यांशी गुरूंकडे साधना करून तो कुंडलिनी जागी करतो, सात चक्रं, पंचमहाभूतं, सगळं त्यात. पडद्यावर ती चक्रं उजळायला लागली तशी आज्जी जपमाळ थांबवून पुढे सरकली. “आरं, हे तर सहाव्या अध्यायातलं,” ती म्हणाली. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय तिनं आयुष्यभर ऐकला होता. त्या दिवसापासून मालिका संपली की आज्जीचं निरूपण सुरू. बाकीच्या गावात शक्तिमान लहान पोरांचा होता, आमच्या घरात तो दोन पिढ्यांचा झाला. सुरुवातीची गीता विश्वास, म्हणजे किटू गिडवानी, जाऊन वैष्णवी महंत आली, तेही आधी आज्जीच्याच लक्षात आलं. “ही ती न्हाई,” म्हणाली आणि पुढचे काही भाग ती गीतावर रुसूनच होती.

शक्तिमान झालेले मुकेश खन्ना भागाच्या शेवटी पोरांना चार गोष्टी सांगायचे, ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’. त्याचा खरा उपयोग आईनं केला. नखं, दात, अभ्यास, मोठ्यांना उलट न बोलणं, सगळ्यांवर एकच मात्रा: “शक्तिमान काय सांगून गेला?”

थोरला चुलतभाऊ मात्र ‘कॅप्टन व्योम’चा. केतन मेहतांची ती मालिका १९९८ ची, मिलिंद सोमण नायक, काळ २१२३ सालचा. त्याला यानं आणि ग्रह हवे असत, कुंडलिनी नको. पुढे विज्ञान दिनाला तो जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जाऊन आला. तिथल्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशातल्या रेडिओलहरी ऐकतात, हे सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. पत्र्यावरच्या धाकट्याचा एकच प्रश्न: “त्या फिरवायला वर कोण चढतं?”

मालिका २००५ पर्यंत चालली. आम्ही त्याआधीच पांगलो. मग एप्रिल २०२०. टाळेबंदी, सणसवाडी-शिक्रापूरच्या कंपन्या बंद, नगर रोडवर चिटपाखरू नाही आणि दूरदर्शनवर पुन्हा शक्तिमान. कोणी गावी, कोणी पिंपरीत, आतेबहीण दौंडला. भाग संपला की फोन सुरू व्हायचे. चलचित्राची करामत आता डोळ्यांना खटकत होती. उडणारा माणूस मागच्या देखाव्यावर चिकटवलेला स्पष्ट दिसत होता. माझा भाचा पहिल्याच दिवशी म्हणाला, “मामा, हा खरा उडत नाही.” मला वाईट वाटलं नाही, कारण मी शक्तिमानकडे बघतच नव्हतो.

मी गंगाधरकडे बघत होतो. पुढे आलेले दात, जाड चष्मा, पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री एवढं लांबलचक नाव, आणि वर्तमानपत्राच्या कचेरीत जो तो येऊन त्याला टोमणा मारणार. अंगात डोंगर उचलायचं बळ, तरी तो चष्मा सावरून हसतो. लहानपणी आम्ही अंगणात गिरक्या घ्यायचो, गंगाधर व्हायला कोणी तयार नसायचं. आता प्रत्येकाच्या फोनवर त्याचंच कौतुक. आतेबहीण म्हणाली, “हे तर आपले तात्या.” तिनं म्हटल्यावर आम्हां सगळ्यांना ते पटलं.

साधनेच्या भागाला अडचण झाली. आज्जी नव्हती आणि पोरं कुंडलिनी म्हणजे काय विचारत होती. आईनं आज्जीची पोथी खाली काढली, सहावा अध्याय उघडला आणि फोन स्पीकरवर ठेवून अडखळत अर्थ सांगितला. दौंडची पोरंही ऐकत होती. धाकटा चुलतभाऊ मात्र त्या वेळी बोलायला तयार नव्हता. तो पहिल्यांदाच सलग भाग बघत होता.

२०२२ मध्ये सोनी पिक्चर्सनं शक्तिमानवर चित्रपट जाहीर केला, २०२४ मध्ये मुकेश खन्नांनीही परतायची घोषणा केली. नवा शक्तिमान कोण, यावर घरात रोज खल होतो. माझं मत ठरलेलं आहे: उडण्याची करामत कितीही भारी करा, पोशाख बदला, पण गंगाधरला देखणा करू नका. थोरला म्हणतो, व्योमही परत आणा. भाच्याला फक्त खलनायक डॉक्टर जैकाल हवाय आणि तो ‘पॉवर’ म्हणून ओरडला पाहिजे, अगदी तसाच.