इशारा आला होता, स्पॅममध्ये

मंडळी, परवा दाखल्यांच्या खिडकीवर तुम्ही तासन्‌तास ताटकळलात. त्या सर्व्हरची देखभाल माझ्याकडे आहे, म्हणून सांगतो. डिस्क भरली होती. तसा इशाऱ्याचा ईमेल आदल्या दिवशीच आला होता, पण पडला स्पॅममध्ये! चूक माझीच, कधी तपासलंच नाही.

त्याच रात्री टेलिग्रामवर बॉटफादरकडून बॉट बनवला, टोकन आणि ग्रुपचा चॅट आयडी स्क्रिप्टमध्ये टाकला. आता डिस्क ८५ टक्के भरली की आम्हा तिघांचे फोन वाजतात. पण सर्व्हरच बंद पडला तर त्यावरची स्क्रिप्ट ओरडणार कशी? म्हणून दुसऱ्या मशीनवरून दर ५ मिनिटांनी त्याची चौकशी होते.

साहेब म्हणाले, "मेल येतो ना, मग हे कशाला?"

त्यांनाही ग्रुपात घेतलंय. काल रात्री २ वाजता चाचणी केली.