पाण्यावरचे घर

मुलांनो, सुट्टी लागली की काय करायचे, याचे बेत तुम्ही परीक्षेच्या आधीच करता ना? मीही सध्या तेच करीत आहे. गेली पस्तीस वर्षे मी कारखान्यात यंत्रावर काम करतो. आधी भोसरीला, नंतर चाकणला. पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन. निवृत्त झाल्यावर कोणी गावी घर बांधतो, कोणी दुकान टाकतो. मी मात्र एक छोटी शिडाची नाव घेऊन तिच्यातच राहायचे ठरवले आहे.

तुम्ही हसलात? कारखान्यातले लोकही हसले. पिंपरी-चिंचवडला समुद्र कुठे आहे? इथे पवना नदी आहे. पण तीसुद्धा जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते. तिचे पाणी मुळा, भीमा, कृष्णा असा प्रवास करीत बंगालच्या उपसागराला मिळते. शिवाय मी बीड जिल्ह्यातल्या एका दुष्काळी गावचा. आमच्याकडे विहीर भरलेली दिसली तरी लोक हात जोडत.

मग हे वेड आले कुठून? माझ्या शेजारच्या यंत्रावर दाभोळचे एक सहकारी काम करीत. त्यांना आम्ही सारे भाई म्हणत असू. त्यांचे वडील जहाजावर खलाशी होते. जेवणाच्या सुट्टीत भाई डबा उघडत आणि दर्याच्या गोष्टी सांगत. शीड, सुकाणू, नांगर हे शब्द मी त्यांच्याकडूनच शिकलो. आपण ज्याला होकायंत्र म्हणतो त्याला उर्दूत कुतुबनुमा म्हणतात, आणि कोळ्यांचा 'नाखवा' म्हणजे तुमचा 'नाखुदा'च, हेही त्यांनीच सांगितले.

वयाच्या पन्नासाव्या वर्षी मी तलावात पोहायला शिकलो. माझ्याबरोबर शिकणारी मुले दहा वर्षांची होती! मग सुट्टी मिळाली की दाभोळला जाऊन नाव चालवायला शिकू लागलो.

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या पत्नीला, म्हणजे तुमच्या काकूंना, वाशिष्ठीच्या खाडीत फिरायला नेले. भाईंनी बजावले होते, "दहाच्या आत परत या. ओहोटी कोणासाठी थांबत नाही." पण जन्मभर भोंग्याच्या तालावर चाललेला मी, त्या दिवशी घड्याळ विसरण्यातच मला आनंद वाटत होता. पाणी उतरत गेले आणि नाव चिखलात रुतली. यंत्र बिघडले तर बटण दाबून थांबवता येते. ओहोटीला बटण नसते. भाईंना फोन केला. ते म्हणाले, "चिखलात उतरू नका. भरतीची वाट पाहा." म्हणजे सात-आठ तास!

काकूंना पोहता येत नव्हते. मला वाटले, आता त्या रागावणार आणि माझा बेत इथेच बुडणार. त्यांनी एवढेच विचारले, "प्यायला पाणी किती आहे?" एकच बाटली होती. काकूंनी ती आपल्या ताब्यात घेतली. डब्याच्या झाकणाने मोजून त्या थोड्या थोड्या वेळाने दोघांना दोन-दोन घोट देत राहिल्या. दूर किनाऱ्यावर जुन्या मशिदीचा घुमट उन्हात चमकत होता. संध्याकाळी नाव तरंगली, तेव्हाही बाटलीच्या तळाशी थोडे पाणी शिल्लक होते. दुष्काळात शिकलेला हिशेब खाडीत कामाला आला होता.

घरी आल्यावर काकूंनी तीन अटी घातल्या. चिंचवडचे घर विकायचे नाही. पावसाळ्यात नाव किनाऱ्यावर ओढून ठेवायची. आणि पाण्याचा हिशेब त्यांच्याकडे राहील. मी निमूटपणे कबूल झालो. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज पाच लीटर पाणी धरले, तर दोघांना दहा दिवसांसाठी शंभर लीटर लागते. त्याचे वजन शंभर किलो होते. ते नावेच्या तळाशी, मध्यभागी ठेवावे लागते. नाहीतर नाव एका बाजूला कलते. हे सारे त्यांनी वहीत लिहिले आहे.

याच सुमारास मी नौदलातील अधिकारी दिलीप दोंदे यांच्याविषयी वाचले. ऑगस्ट २००९ मध्ये ते 'म्हादेई' या ५६ फुटी शिडाच्या नौकेतून मुंबईहून एकटेच निघाले. मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून ते मुंबईला परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. ही नौका गोव्यात बांधली गेली. ती बांधली जात असताना दोंदे स्वतः तिथे राबले होते. वाऱ्यावर निघण्याआधी जमिनीवर किती तयारी करावी लागते, हे मला तेव्हा समजले.

माझा बेत त्यापुढे फारच लहान आहे. दिवाळीनंतर निघायचे, किनाऱ्या-किनाऱ्याने एका खाडीतून दुसऱ्या खाडीत जायचे आणि पावसाळ्याआधी घरी परतायचे. नाव अजून घेतलेली नाही. सध्या मी रविवारी डिझेल इंजिन दुरुस्त करायला शिकतो.

मुलांनो, तुम्हीही मोठे बेत जरूर करा. पण कुठे जायचे एवढेच ठरवू नका. बरोबर कोण येणार आहे आणि त्याला काय येते, हेही विचारा. मी ते उशिरा विचारले.

आणि हो, काकू आता तलावात पोहायला शिकत आहेत. परवा त्यांनी पहिल्यांदाच काठ सोडला.