दिवेघाटातली फुगडी

मैत्रिणींनो, गर्दीत माणूस बिघडतो म्हणतात. पण सुधारतोही बरं का!

गेल्या आषाढी वारीत मी ज्ञानोबांच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चालले. सोबत थोरल्या जाऊबाई. वाटणीवरून आमचा दोन वर्षं अबोला. सासूबाईंच्या शब्दाखातर निघालो इतकंच. वारीत लहानथोर सगळे एकमेकांना ‘माऊली’ म्हणतात, पाया पडतात. तिथे आपण दोघीच ताठ कशा राहणार? दिवेघाट चढल्यावर बायकांनी फुगडी धरली. कुणीतरी आमचे हात एकमेकींच्या हातात दिले. घरी हे शंभरदा सांगूनही झालं नसतं! सासवडला तर थोरल्या असून जाऊबाईंनी माझ्या पायांना तेल चोळलं.

आता घरी टाळ नाहीत, दिंडी नाही. म्हणून सकाळचा पहिला चहा मीच त्यांच्या दारी नेते.