पोटखराब्यावरचे एक वर्ष

वाचकहो, ऑगस्टच्या अखेरीस, गणपतीची गर्दी सुरू होण्याआधी, आम्ही सहकुटुंब जयगडला जाऊन आलो. निघालो होतो एका सहीसाठी. गावच्या सामाईक जमिनीच्या सातबाऱ्यावर चुलतभावाबरोबर आमचेही नाव आहे. त्याचा फोन आला, "वरचा सडा द्यायचा ठरवलाय. गिऱ्हाईक चांगलं आहे. येऊन सही कर." आम्ही कार्यालयात रजेचा अर्ज टाकला. मुलांनाही गाव दाखवावे म्हणून बरोबर घेतले.

कोकण रेल्वेने पहाटे रत्नागिरीला उतरलो आणि जयगडची एस.टी. धरली. गणपतीपुळे, मालगुंड मागे पडले की रस्ता वर चढतो आणि एकदम मोकळे, सपाट माळ लागतात. यालाच आपल्याकडे सडा म्हणतात. खाली जांभा दगड, वर वीतभरही माती नाही. पावसाळ्यात मात्र हाच काळा-तांबडा कातळ हिरवा होतो. पुढे औष्णिक वीज प्रकल्पाच्या चिमण्या दिसू लागतात. १२०० मेगावॅटचा हा प्रकल्प २०१० आणि २०११ या दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने सुरू झाला. त्याच्या आधी, २००९ साली, बंदर सुरू झाले होते. प्रकल्पाच्या धुराने हापूसच्या कलमांचे काय होईल, हा प्रश्न त्याच वर्षी थेट दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता. जमीन, झाड आणि हवा यांचा अभ्यास हा फक्त विद्वानांचा विषय नाही, हे जयगडच्या माणसाला तेव्हापासून ठाऊक आहे.

दुपारी मुलांना किल्ल्यावर नेले. शास्त्री नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, खाडीच्या तोंडावर हा किल्ला उभा आहे. विजापूरकरांच्या काळात बांधला गेला, पुढे आंग्र्यांकडे होता, १८१८ साली इंग्रजांनी घेतला. तटावरून खाडीपलीकडचे तवसाळ दिसते. किल्ल्याच्या नावाची एक आख्यायिका आहे. बांधकाम काही केल्या उभे राहीना, तेव्हा जयबा नावाच्या तरुणाने स्वखुशीने आपला बळी दिला आणि त्याच्या नावावरून जयगड. हा जयबा महार होता असेही सांगतात. खरे-खोटे इतिहासकारांनी ठरवावे. पण आमच्या धाकटीने विचारले, "बाबा, स्वखुशीने म्हणजे? त्याला कोणी विचारलं होतं का?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. तटाच्या दगडावर हात ठेवून आम्ही एवढेच म्हणालो, "दगडाखाली काय आहे ते आपल्याला वरून दिसत नाही."

हे वाक्य दुसऱ्या दिवशी आमच्याच अंगावर येईल असे वाटले नव्हते.

बौद्धवाडीत पोचलो तेव्हा आत्या ओट्यावर बसली होती. जय भीम झाला, चहा झाला आणि तिने तक्रार सुरू केली. "तुझ्या पुतणीला सांग काहीतरी. एम.एस्सी. झाली आणि वर्षभर दगड उलटत फिरली. त्यासाठी शिकवली होती का आम्ही?"

पुतणी म्हणजे चुलतभावाची थोरली. विद्यापीठाच्या एका संस्थेत, सजीव आणि त्यांची उत्क्रांती यांच्या अभ्यासाच्या प्रकल्पावर, तिने एक वर्ष सहायक म्हणून काम केले. मानधन थोडे, तेही तीन-तीन महिने उशिराने. शिक्षणासाठी आणि वसतिगृहासाठी तिच्या बापाने पतसंस्थेचे कर्ज काढलेले. सडा विकायचा होता तो हेच कर्ज फेडायला. आणि घरात सडा विकू नका म्हणणारी एकटी तीच होती. बाप-लेक दोन दिवस एकमेकांशी धड बोलत नव्हते.

सकाळी आम्ही तिला म्हटले, "चल, दाखव तुझं वर्ष."

पाऊस उघडला होता. वर पोचलो आणि मुले थबकलीच. कातळाच्या खळग्यांत पाणी साठलेले, त्याच्या कडेने गेंदाची पांढरी बटणे आणि मधे मधे सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुले. पुतणीने एक बारीक रोप दाखवले. "काका, ही सीतेची आसवं किडे खातात. या कातळावर खत नाही, माती नाही. मुळांना जे मिळत नाही ते पाण्यातल्या बारीक किड्यांतून घेतात." जूनच्या पहिल्या सरींनंतर इथल्या सड्यांवर पांढऱ्या फुलांची दीपकाडी उगवते. ती फक्त आपल्या कोकणपट्टीतल्या अशा कातळांवरची. जगात दुसरीकडे नाही.

तिने तिच्या वर्षाचा हिशेब सांगितला. जूनमध्ये खळग्यांतले पाणी मोजायचे. जुलैत रात्री बॅटरी घेऊन बेडकांचे आवाज ऐकायचे. ऑगस्ट-सप्टेंबरात चौकट टाकून फुले मोजायची. दिवाळीनंतर गवत सुकते, मग कुठे वणवा लागला त्याची नोंद. एप्रिल-मेमध्ये कातळ इतका तापतो की चप्पल चिकटते, तेव्हा दगडाखाली कोण टिकून आहे ते पाहायचे. वही पाऊणशे पानांची झाली होती. आम्ही कारकून माणूस, नोंदवह्या रोज पाहतो. पण तारीख, वेळ, ऊन-पाऊस, जागा असे इतके चोख लिहिलेले रजिस्टर आम्ही क्वचितच पाहिले आहे.

मग ती एका सुट्या दगडाजवळ बसली. काठीने त्याची एक कड उचलली. "बोटं घालायची नाहीत," तिने मुलांना दटावले. खाली लहानशी पाल होती. भिंतीवरच्या पालीसारखी नाही. अंगावर पांढरे आडवे पट्टे, जमिनीला चिकटलेली. पाहताक्षणी आम्हांला फुरशाचे पिल्लू वाटले आणि मागे सरलो. पुतणी हसली. "सगळेच घाबरतात आणि चेचतात. बिचारी विषारी नाही." या पालीची शास्त्रात पहिली नोंद १९६३ साली ग्रँडिसन आणि सोमण या दोघांनी केली, तीही आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या दोर्ले गावातून. दगड होता तसा, त्याच बाजूने, तिने अलगद परत ठेवला. "घर मोडायचं नाही," म्हणाली.

आमच्या मुलाने विचारले, "पण ही इथेच का?" तिने जे समजावले ते आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. सडा म्हणजे जमिनीवरचे बेट. चार महिने पाणीच पाणी, आठ महिने भट्टी. अशा जागी हजारो पिढ्यांत ज्यांना जमले ते राहिले, बाकीचे संपले. जे राहिले त्यांचे अंग, रंग, सवयी या कातळाशी जुळत गेल्या. म्हणून ते खाली बागेत जाऊन जगू शकतीलच असे नाही. "काका, उत्क्रांती म्हणजे शिडी नव्हे," ती म्हणाली, "वरच्या पायरीवर कोणी आणि खालच्या पायरीवर कोणी असं नसतं त्यात. ते फांद्या फुटलेलं झाड असतं. ही पालही टोकाच्या फांदीवर आणि आपणही." हे ऐकून आत्याला काय वाटले असते कोण जाणे, पण आम्हांला फार बरे वाटले.

दगडाखाली विंचूही असतात. याच कोकणातल्या लाल विंचवाने किती माणसे नेली! अनवाणी राबणारा शेतमजूर आणि त्याची मुलेच त्यात जास्त. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७०च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात असे रुग्ण उशाशी बसून पाहिले, लक्षणे टिपली. १९८२ साली त्यांचे लेखन 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात आले. प्राझोसिन या गोळीने पुढे हजारो जीव वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुळात होते काय? नीट पाहणे आणि नीट लिहून ठेवणे. उलट १८६२ साली इंग्रज सरकारने बक्षीस लावून याच जिल्ह्यात आठवडाभरात लाखाहून अधिक फुरशी मारवली होती. फुरसे काही संपले नाही. मारण्याने जे साधले नाही ते समजून घेण्याने साधले.

संध्याकाळी भावाबरोबर बसलो. तो म्हणाला, "फुलं-पाली ठीक आहे. पण कागदावर बघ काय लिहिलंय." सातबारा पुढे केला. पोटखराबा. म्हणजे लागवडीस निरुपयोगी. खोतीच्या काळात चांगली भातखाचरे कोणाकडे होती हे वाचकांना सांगायला नको. १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा झाला. पुढे आमच्या आजोबांचे नाव कागदावर लागले. पण वाट्याला आले ते वरचे कातळ. आज त्याच कातळाला भाव आला आहे. यंत्राने कातळ फोडायचा, बाहेरून माती आणून भरायची आणि कलमे लावायची. गिऱ्हाईकाचा बेत तोच होता.

पुतणी आतून बाहेर आली. ती रागावली नाही. तिने भारतातल्या संशोधकांचे एक काम सांगितले. अपर्णा वाटवे, रोहित नानिवडेकर, मनाली राणे, जितिन विजयन वगैरेंनी रत्नागिरी भागातल्या सड्यांवर, पडीक भातखाचरांत आणि बागांत हजारो दगड उलटून पाहिले. कातळ फोडून केलेल्या बागांत त्या पांढऱ्या पट्ट्यांच्या पालीचे प्रमाण घटलेले आढळले. मग तिने वेगळाच मुद्दा काढला. "बाबा, जांभा स्पंजासारखा आहे. सड्यावर पडलेलं पाणी आत मुरतं आणि खाली झऱ्याला येतं. आपल्या वाडीची विहीर कुठल्या अंगाला आहे?"

भाऊ गप्प झाला. विहीर सड्याच्या पायथ्याशीच आहे. ती विहीर वाडीने स्वतः खणलेली. त्याआधी पाण्यासाठी आमच्या आजीला कोणापुढे किती वेळ ताटकळत उभे राहावे लागे, ते आत्याने डोळ्यांनी पाहिले आहे. आत्याच मग म्हणाली, "विहिरीला धक्का लागणार असेल तर नको रे बाबा."

पण कर्ज तर होतेच. नुसते "निसर्ग वाचवा" म्हणून पतसंस्थेचा हप्ता भरता येत नाही. मुंबईत बसून गावाला उपदेश करणाऱ्यांत आम्हांला जायचे नव्हते. रात्री हिशेब मांडला. कागदावर नावे चार घरांची आहेत. चौघांनी हप्ता वाटून घ्यायचा. घराजवळचा जो तुकडा आधीच फोडलेला आहे तिथे भावाने वीस कलमे लावायची. वरच्या सड्याला हात लावायचा नाही, निदान कर्ज फिटेपर्यंत तरी. पुढे काय, ते पुढची पिढी ठरवील. भाऊ पूर्ण खूश झाला असे नाही. "भाव उद्या उतरला तर?" असे तो झोपताना पुटपुटलाच. त्याचे चुकते असे आम्ही म्हणणार नाही.

सही न करताच आम्ही परतलो. निघताना भावाने लेकीची वही हातात घेऊन चाळली आणि विचारले, "पुढचं वर्ष मिळेल काय गं तिथं?" ती म्हणाली, "अर्ज केलाय." दोन दिवसांत तो तिच्याशी पहिल्यांदाच सरळ बोलला होता.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या गावच्या कागदावर असा पोटखराबा असेल. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. त्यांत रत्नागिरी तालुक्यातल्या उक्षीचा हत्तीही आहे. तोही अशाच निरुपयोगी म्हटलेल्या कातळावर कोरलेला. तेव्हा विकण्याआधी एकदा पावसाळ्यात तिथे जाऊन या. मुलांना न्या. पाणी कुठे मुरते आणि कुठे निघते ते म्हाताऱ्यांना विचारा. आणि घरातली पोर दगड उलटायच्या कामावर जात असेल, तर तिला हसण्यापूर्वी तिची वही एकदा वाचून पाहा.