करवत

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या बंगळूरला समुद्र भेटतो तो बर्फात. मंगळूर-मालपेकडून रात्रभर घाट चढून आलेले बांगडे आणि सुरमई सकाळी बाजारात मांडली जाते. कर्नाटकाच्या समुद्राविषयीचे शासकीय निर्णयही याच, समुद्र न दिसणाऱ्या शहरात होतात.

त्या बाजारात सहसा न दिसणारा एक मासा आहे. कन्नडात तो गरगस मीनु, मराठीत करवत मासा. दोन्ही भाषांना त्याला पाहून एकच अवजार आठवले. दिसायला मुशीसारखा, पण कल्ल्यांच्या फटी पोटाकडे. म्हणजे जातीने तो पाकटच. अंगाच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाएवढे त्याचे पाते नुसते शस्त्र नव्हे. भक्ष्याच्या देहातील सूक्ष्म विद्युत्‌स्पंदने ते टिपते, त्यामुळे गढूळ पाण्यात, चिखलात दडलेले भक्ष्य त्याला न दिसताही कळते. पिल्लू जन्मते तेव्हा या पात्यावर मऊ आवरण असते; आईच्या उदराला इजा होऊ नये एवढी काळजी निसर्गाने घेतली. नायलॉनच्या जाळ्याची काळजी मात्र त्याला घेता आली नाही. दात एकदा धाग्यात अडकले की मासा जितका झटापट करील तितका गुंतत जातो.

त्याचे बालपण जाते नदीमुखाच्या खाऱ्या-गोड्या पाण्यात, तिवरांच्या आडोशाला. अशा मुखांपैकी अघनाशिनीच्या मुखाला २०२४ साली रामसर स्थळाचा मान मिळाला, हे चांगलेच झाले. बाकीच्या कित्येक खाड्यांच्या वाट्याला भराव आणि बंदरे आली.

२००१ साली कायद्याने करवत माशाला वाघाच्या पंगतीत, पहिल्या अनुसूचीत बसवले. तरीही मार्च २०२२ मध्ये मालपे बंदरात असा एक मासा जाळ्यातून आला. वजन अडीचशे किलोंच्या घरात, अशी बातमी होती. बघ्यांची गर्दी झाली आणि त्याचा लिलावही झाला. यात खलाशांना दोष देणे सोपे आहे. परंतु ट्रॉलरचे जाळे काही निवडून मासे धरीत नाही, आणि करवत सोडवायची तर जाळेच कापावे लागते. त्या जाळ्यावर घर चालते.

महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई दिली जाते. त्या आधाराने कासवे आणि बहिरीसारखे अवाढव्य मासे जाळ्यांतून सुटून पुन्हा पाण्यात गेले आहेत.