हिंगोली डेक्कन ते पालम

हिंगोली डेक्कनला गाडीत चढलो तेव्हा भाच्याच्या हातात बुटाचं खोकं होतं. आत त्यानं थर्माकोलमधून कोरलेलं टेम्पेस्ट विमान. वाशीम गेलं, अकोला आलं, तरी ते खोकं त्यानं बाकाखाली ठेवू दिलं नाही.

हे वेड आमच्या घरात आईकडून आलं. 1948 च्या भादव्यात ती आठ वर्षांची होती. आमचा मुलूख निजामाचा. रानात असताना डोक्यावरून ‘इमान’ गेलं आणि ती जोंधळ्यात दडली. 13 सप्टेंबरला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं, 17 ला निजाम शरण आला. त्या कारवाईत हवाई दलानं टेम्पेस्ट विमानं वापरली होती. आईजवळ उरला तो आवाज. ‘जात्यावाणी घरघर,’ ती सांगते.

पालमच्या वायुसेना संग्रहालयात दारापासून रेंगाळावं असं बरंच आहे. वापिटी हे कापडी पंखांचं विमान तर आपल्या हवाई दलाचं पाळण्यातलं रूप. 1 एप्रिल 1933 ला पहिली स्क्वाड्रन उभी राहिली ती अशा चार विमानांवर. पण भाचा थांबेना. तो थेट टेम्पेस्टपाशी गेला आणि गप्प झाला.

केवढं धूड! पुढचं गोल नाक म्हणजे सेंटॉरस इंजिन, दोन ओळींत अठरा सिलिंडर, अडीच हजारांच्या घरातली अश्वशक्ती. पंखांत 20 मिलिमीटरच्या चार तोफा. पत्र्यावरचा एकेक रिव्हेट मी डोळ्यांनी चाचपत होतो. फोटोत हे वजन कधी जाणवलं नव्हतं.

‘‘मामा, पाती चार आहेत,’’ भाचा हळूच म्हणाला. त्यानं खोकं उघडलं. त्याच्या पंख्याला तीनच पाती होती. मग खाली बसून त्यानं वहीत चाकं, त्यांची झाकणं, शेपटीचा उतार असं सगळं काढायला घेतलं. तासभर मी त्याला हाक मारली नाही.

अशी विमानं जपणारे लोक मला फार मोठे वाटतात. आपल्याकडे भंगार होऊन पडलेले टेम्पेस्टचे सांगाडे ब्रिटनच्या हौशी मंडळींनी विकत नेले. त्यांतलं एक, कधीकाळी आपल्याच हवाई दलात असलेलं, वर्षानुवर्षं खपून त्यांनी दुरुस्त केलं आणि 2023 मध्ये ते तिकडं पुन्हा उडालं. पालमचं विमान मुकं उभं आहे; त्याची आब वेगळी. पण इंजिनाचा आवाज हाही जपायचाच ऐवज आहे, असं मी आईमुळे मानतो.

परत आल्यावर भाच्यानं त्या उड्डाणाचा व्हिडिओ लावून मोबाइल आजीच्या कानाशी धरला. तिनं डोळे मिटले. आवाज थांबला तशी म्हणाली, ‘‘पुन्हा लाव की रे.’’