सायखेड्याच्या बाजारांतून डेन्मार्क

निफाड तालुक्यांत, गोदेच्या कांठीं सायखेडा वसला आहे. गेल्या उन्हाळ्यांत तेथील कांद्याच्या बाजारांत उभा असतां एक वृद्ध शेतकरी म्हणाला, “माल आमचा, पण भाव दुसऱ्याचा!”

त्या उद्गारानें मन डेन्मार्ककडे धांवलें. त्या सबंध देशाची वस्ती सुमारें ६० लक्ष. २०११ च्या खानेसुमारींत आपला एकटा नाशिक जिल्हाच ६१ लक्षांचा भरला होता! भूमि मात्र त्या देशाची पावणेतीनपट. पण त्याचें वैभव केवळ जमिनीचें नव्हे. १८७० नंतर अमेरिकेचें स्वस्त धान्य युरोपांत उतरलें आणि डेनिश शेतकऱ्याचें धान्य मातीमोल झालें. तो रडत बसला नाहीं. तें धान्य गुरांस घालून तो लोणी विकूं लागला. १८८२ सालीं येडिंग गांवीं शेतकऱ्यांनीं पहिली सहकारी दुग्धशाळा काढिली. अशा संस्थांत गाई दहा असोत वा एक, मत प्रत्येकास एकच. शिवाय १८४४ पासून निघालेल्या लोकशाळांनीं खेड्यांतील तरुणांस विचार करावयास शिकविलें होतें. आज तो देश औषधें, जहाजें व पवनचक्क्या यांवरहि संपन्न आहे. पण एकीची संवय त्यास लागली ती गोठ्यांत.

आपल्या एकत्र कुटुंबांत मिळवता कोणीहि असो, पंगत एकच असते. घरांत हें ज्यांस साधतें, त्यांस तें कांद्याच्या चाळींत कां साधूं नये? सायखेड्याचा तो वृद्ध उत्तराची वाट पाहत आहे.